दात्याच्या किडनीची बायोप्सी वाचताना या चुका टाळा

मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी कॉल आला की पेशंटचे नातेवाईक पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतात, ‘बायोप्सीत किती टक्के आलं?’ टक्के म्हणजे कायमच्या बंद पडलेल्या ग्लोमेरुलींचं, किडनीतल्या बारीक गाळण्यांचं प्रमाण. आकडा वीसच्या वर गेला की चेहरे उतरतात. या वीस टक्क्यांना आधार आहे. १९९५च्या एका अमेरिकन अभ्यासात त्यावरच्या किडन्यांचं काम पुढं कमी पडलेलं दिसलं. पण नंतरच्या अभ्यासांत हे नातं तितकं पक्कं राहिलं नाही. एवढ्या एका आकड्यावर चांगली किडनी नाकारली जाते, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

एकूण किती गाळण्या मोजल्या, ते न बघणं

नमुन्यात १२ ग्लोमेरुली आहेत आणि ३ बंद, तर रिपोर्टात २५ टक्के येतात. त्यातली एक बंद गाळणी सुईत आलीच नसती, तर ११ पैकी २, म्हणजे १८ टक्के. किडनी तीच, निकाल उलटा. एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. किडनीचं तसं नाही. म्हणून टक्क्यांच्या आधी एकूण संख्या वाचा. २५ किंवा जास्त असतील तर आकड्यावर थोडा भरवसा ठेवता येतो. दहाही नसतील तर त्या टक्क्यांवर निर्णय घेऊच नये.

नमुना कुठून घेतला, ते न विचारणं

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. सर्जन ब्लेडनं पृष्ठभागाचा पातळ तुकडा काढतात, त्याला वेज म्हणतात. वय आणि ब्लडप्रेशरमुळे होणारी झीज आवरणाच्या लगेच खालच्या पट्ट्यात जास्त असते. तुकडा उथळ असला की नेमका तोच पट्टा हाती येतो आणि किडनी आहे त्यापेक्षा म्हातारी दिसते. उलट मोठ्या रक्तवाहिन्या खोलवर असतात, त्या वेजमध्ये बऱ्याचदा येतच नाहीत. ‘रक्तवाहिन्या ठीक आहेत’ आणि ‘नमुन्यात रक्तवाहिनी नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेज घ्यायचाच असेल तर निदान पाच मिलिमीटर खोल घ्यावा. सुईनं घेतलेला नमुना आतपर्यंत पोचतो, पण त्यात गाळण्या कमी मिळतात.

घाईच्या फ्रोझन सेक्शनला अंतिम समजणं

फ्रोझन सेक्शन म्हणजे तुकडा गोठवून लगेच केलेली तपासणी. त्यासाठी तुकडा फॉर्मालिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) टाकायचा नाही आणि सलाइनमध्ये बुडवूनही ठेवायचा नाही. सलाइननं ओलसर केलेल्या गॉजमध्ये द्यायचा. पाणी जास्त झालं की गोठवताना बर्फाचे कण तयार होतात, नलिकांमध्ये फटी पडतात आणि तिथं सूज किंवा फायब्रोसिस (कायमचे व्रण) असल्याचा भास होतो. रात्री दोन वाजता ड्यूटीवरचा पॅथॉलॉजिस्ट रोज किडनी बघणारा असेलच असं नाही. शंका असेल तर स्लाइड स्कॅन करून किडनीच्या जाणकाराला दाखवावी.

दात्याला विसरणं

दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार लागलेला तरुण दाता, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) ०.९ वरून २.६ वर गेलेलं. हे बहुतेक वेळा नलिकांना नुकताच बसलेला धक्का असतो. नवीन शरीरात किडनी सावरते, फार तर सुरुवातीचे काही दिवस डायलिसिस लागतं. अशा दात्यांच्या गाळण्यांत कधी फायब्रिनच्या (रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांच्या) गुठळ्या दिसतात. तो शब्द वाचून घाबरायचं कारण नाही, त्या बहुधा विरघळतात. वर्षानुवर्षं ब्लडप्रेशर असलेल्या, मेंदूत रक्तस्राव झालेल्या बासष्ट वर्षांच्या दात्याचं क्रिएटिनिन छान असलं, तरी तिथं मात्र बायोप्सी खरंच काही सांगू शकते.

(जिवंत दात्याची किडनी घेण्याआधी सहसा बायोप्सी करत नाहीत.)

रिपोर्टसाठी किडनी थांबवून ठेवणं

अवयव प्रत्यारोपणाचा १९९४चा कायदा सुरुवातीलाच लागू झालेल्या तीन राज्यांत महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेशाबरोबर गोवा होता. तरी गोव्यात मेंदूमृत दाते मोजकेच मिळतात. बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) किडनी दाबोळी किंवा मोपा विमानतळामार्गे बाहेर जायची असेल, तर बर्फात जाणारा प्रत्येक तास तिला महाग पडतो. रिपोर्ट काहीही आला तरी निर्णय बदलणार नसेल, तर त्याची वाट बघू नये. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये किडनी घ्यायची की नाही हे सहसा बायोप्सीवर ठरत नाही. अमेरिकेत बायोप्सीनंतर टाकून दिल्या जातात तशा किडन्या तिथं बसवल्या गेल्या, आणि पाच वर्षांनंतरही त्यातल्या बहुतेक चालू होत्या.

ब्लॉक हरवणं

किडनी बसल्यावर बायोप्सीचा हा नमुना, म्हणजे मेणात बसवून जपलेला ब्लॉक, कुणी विचारत नाही. मग सहा महिन्यांनी क्रिएटिनिन वाढतं, नवीन बायोप्सीत रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड दिसतात. हे टॅक्रोलिमसमुळे (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधामुळे) झालं की दात्याकडूनच आलं? पहिल्या दिवसाची स्लाइड शेजारी ठेवली की उत्तर मिळतं, औषधाचा डोस उगाच कमी करावा लागत नाही. त्या स्लाइडचा नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. दुसऱ्या हॉस्पिटलात बायोप्सी व्हायची असेल तर जुना ब्लॉक आधी मागवा.