डायनामो काढून अल्टरनेटर बसवताय? या चुका टाळा

पावसाळी रात्र, हेडलाइट आणि वायपर चालू, गाडी सिग्नलला उभी, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतोय. डायनामोवाली जुनी फियाट किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्याला हे पाठ असतं. डायनामो म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. इंजिन स्लोवर असताना तो जवळपास काहीच देत नाही आणि वेग घेतल्यावरही त्याची मजल साधारण वीस-बावीस अँपिअरची. त्यामुळे त्याच्या जागी स्लोवरही चार्जिंग देणारा अल्टरनेटर बसवायचा विचार अगदी योग्य आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या गेल्या. आता ज्या उरल्यात त्या हौसेने जपलेल्या, आणि त्या रोज चालाव्यात असं मला मनापासून वाटतं.

पण या कामात घोळ होतात, आणि बहुतेकांचं मूळ एकच: अल्टरनेटर म्हणजे जास्त ताकदीचा डायनामो, असं समजून हात घातला जातो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डायनामोच्या काळात चार्जिंग तपासायची एक सोपी रीत होती: गाडी चालू करा, थोडी रेस द्या, बॅटरीची वायर काढा, इंजिन चालू राहिलं तर डायनामो ठीक. अल्टरनेटरवर हे करू नका. त्यात तयार होणारा एसी करंट आतले डायोड डीसी करतात, आणि व्होल्टेजच्या उड्या बॅटरी झेलत असते. ती अचानक तोडली की रोटरमधलं (आतल्या फिरत्या भागातलं) चुंबकत्व त्याच क्षणी उतरत नाही. व्होल्टेज पन्नास-साठच्याही वर उसळतं आणि डायोड किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर उडतो. माझा नवाकोरा अल्टरनेटर पहिल्याच संध्याकाळी असाच गेला; मिस्त्रींनी चाळीस वर्षांच्या सवयीने वायर उचलली होती. गाडी त्यांच्या हाती देताना हे आधी सांगायला हवं होतं, ती जबाबदारी माझी.

डायोड वाचवायचे असतील तर बॅटरी उलटी जोडू नका, अल्टरनेटरच्या वायरी न काढता बॉडीला वेल्डिंग करू नका, आणि डायनामोचं चुंबकत्व जागवायला बॅटरीची वायर क्षणभर टेकवून देत तसा ‘फ्लॅश’ तर मुळीच देऊ नका.

मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीत आणखी एक गोष्ट आधी बघा. तिथे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. हल्लीचे अल्टरनेटर मायनस अर्थचे, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेल्या गाडीसाठीचे. आधी गाडीचा अर्थ बदला, मगच पुढचं काम.

जुना कटआउट तसाच ठेवणं

हल्लीच्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो. डायनामोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या बाहेरच्या कटआउटच्या डब्याचं काम संपलं. त्यातून करंट नेला तर वीस-बावीस अँपिअरसाठी बनवलेले कॉन्टॅक्ट जळतात. डबा दिसायला जागेवर राहू द्या, जुन्या गाडीचं रूप बिघडत नाही. पण त्याच्या वायरी पूर्णपणे सोडवा.

डायनामोची जुनी वायरही पुरत नाही. अल्टरनेटरच्या बी प्लसपासून (करंट बाहेर येतो तो टर्मिनल) बॅटरीपर्यंत १० चौरस मिलिमीटरची नवी वायर टाका, टोकांना नीट दाबून बसवलेल्या थिंबलसह (धातूच्या टोप्यांसह), आणि बॅटरीजवळ अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा जास्त रेटिंगचा फ्यूज लावा. रंगवलेल्या ब्रॅकेटमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका. अल्टरनेटरच्या बॉडीपासून इंजिनला वेगळी अर्थ वायर द्या. इंजिन ते चासी ही पट्टीही बहुतेक गाड्यांत गंजलेली सापडते.

लाल दिव्याला निव्वळ दिवा समजणं

चार्जिंगच्या लाल दिव्यातून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरच्या एल टर्मिनलवर जातो आणि रोटर जागा करतो. बल्ब उडालेला असेल, किंवा हौसेने तिथे एलईडी लावला असेल, तर हा करंट पुरेसा मिळत नाही. मग लक्षण असं दिसतं: गाडी सुरू झाल्यावर चार्जिंग नाही, एकदा जोरात रेस दिली की सुरू. लोक अल्टरनेटर बदलतात, दोष दोन वॅटच्या बल्बात असतो. तिथे साधा फिलामेंटचाच बल्ब ठेवा. बल्ब वगळून एलला थेट इग्निशनची वायर देणारेही भेटतात. मग चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं, कारण अल्टरनेटरकडून उलटा करंट इग्निशन कॉइलला पोचतो.

पुली आणि पट्टा

मारुती ८०० किंवा ओम्नीचा अल्टरनेटर घेतलात तर त्याची पुली तुमच्या पट्ट्याच्या रुंदीची असेलच असं नाही. पट्टा पुलीच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसायला हवा, तळाशी टेकला तर कितीही ताणा, घसरणारच. क्रँकच्या पुलीवर सरळ पट्टी धरून दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते बघा. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही पट्टा खातो. अंगठ्याने दाबल्यावर मधोमध साधारण १० ते १२ मिलिमीटर लवला पाहिजे. पद्मिनीत हाच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो, त्यामुळे तो सैल पडला तर बॅटरी उतरतेच, शिवाय इंजिनही तापतं.

मोठ्या अल्टरनेटरचा मोह नको. हेडलाइटचे १०, कॉइलचे ४, वायपर-टेललाइट-हॉर्न धरले तरी बेरीज २५ अँपिअरच्या आसपास. ३५ ते ४५ अँपिअरचा भरपूर झाला.

बसवल्यावर मीटर लावा

इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. हेडलाइट लावून स्लोवर १३च्या खाली उतरत असेल तर पट्टा, पुलीचा आकार आणि अर्थ तपासा. मीटरचं एक टोक बी प्लसवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवून लोडखाली फरक बघा; ०.३ व्होल्टपेक्षा जास्त म्हणजे वायर किंवा जोड खराब. १५च्या वर गेलं तर गाडी लगेच बंद करा, रेग्युलेटर गेलाय. आणि सगळं ठीक दिसूनही सकाळी बॅटरी उतरत असेल, तर रात्री बॅटरीचा मायनस काढून, मग बी प्लसची वायर सोडवून, टेप गुंडाळून, मायनस परत जोडा. सकाळी बॅटरी शाबूत असेल तर डायोड गळतोय, म्हणजे बंद गाडीतही त्यातून बॅटरीचा करंट निसटतोय.