फिल्म बिघडली की स्पिन कोटरला दोष देताय? थिन फिल्म करताना या चुका टाळा

आमच्या लॅबमधे दरवर्षी एमएस्सी प्रोजेक्टवाली नवीन पोरं येतात आणि महिन्याभरात त्यातलं कुणीतरी काचेचा तुकडा चिमट्यात धरून तोंड पाडून माझ्या टेबलाशी उभं असतं. "दादा, फिल्म नीट येत नाहीये, आरपीएम वाढवू का?" किती वर्षं हा प्रश्न ऐकतोय, आता झोपेतही ऐकू येतो. आरपीएम म्हणजे काच गरागरा फिरवून तिच्यावर थेंब पसरवणाऱ्या स्पिन कोटरचा वेग, तो वाढवून काही होणार नाही बाबा. तुझी फिल्म काल बीकरमधेच बिघडली, आज फक्त काचेवर दिसली.

आम्ही जे करतो त्याला पॉलिमर असिस्टेड डिपॉझिशन म्हणतात, लाडाने पॅड. २००४ मधे अमेरिकेतल्या लॉस अलामोस नॅशनल लॅबोरेटरीच्या लोकांनी नेचर मटेरियल्समधे यावर पेपर टाकला आणि मग जगभर सगळे करायला लागले. पाण्यात विरघळणारं पॉलिमर घ्यायचं, बहुतेक वेळा पॉलिइथिलीनइमाइन म्हणजे पीईआय, त्याच्या साखळीवर जागोजाग अमाइन ग्रुप असतात, ते मेटल आयनला धरून ठेवतात, मग मेटल हायड्रॉक्साईड होऊन तळाला बसत नाही आणि सोल्यूशन महिनोन्‌महिने टिकतं. ते काचेवर नाहीतर सफायरवर टाकून स्पिन कोटरमधे फिरवायचं, भट्टीत तापवायचं, पॉलिमर उडून जातं, ऑक्साईडची पातळ फिल्म उरते. तेच सोल्यूशन वाळवून क्रुसिबलमधे, म्हणजे भट्टीत चालणाऱ्या वाटीत, भाजलं की नॅनोपावडर. ऐकायला इतकं सोपं आहे की पोरांना वाटतं दोन दिवसात होईल.

आपल्याकडे, विशेषतः कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, केमिकल बाथ आणि स्प्रे पायरोलिसिस या फिल्म करायच्या दुसऱ्या पद्धतींची मोठी परंपरा आहे. बाथमधून शिकून आलेल्या पोरांचा हात चांगला असतो पण एक सवय सोबत येते. बाथमधली फिल्म शेवटी पाण्याने धुतली जाते, नको असलेलं मीठ बाथमधेच राहतं किंवा सिंकमधे जातं. स्पिन कोटिंगमधे तसं नाही. थेंबात जे जे न उडणारं आहे ते सगळं काचेवर वाळतं आणि तिथेच राहतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की खालच्या अर्ध्या चुका होणारच नाहीत, पण बसत नाही.

अल्ट्राफिल्ट्रेशन टाळणं, आणि चुकीचा ईडीटीए

हा माझा सगळ्यात दुखरा विषय आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

पीईआय सगळ्याच मेटलला सारखं घट्ट धरत नाही म्हणून सोबत ईडीटीए घालतात, ईडीटीए मेटलला पकडतो आणि ते कॉम्प्लेक्स पॉलिमरला चिकटून राहतं. आता बाटल्या दोन असतात. एक साधा ईडीटीए म्हणजे ॲसिड फॉर्म, दुसरा डायसोडियम सॉल्ट. ॲसिड फॉर्म नुसत्या पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, पांढरा भुगा तळाला फिरत राहतो. त्यात पीईआय घातलं की ते बेसिक असल्यामुळे हळूहळू विरघळतो, पण थोडा धीर लागतो. डायसोडियम मात्र लगेच विरघळतो. मग घाईतलं पोरगं कुठली बाटली उचलणार?

एका ज्युनिअरने उचलली. झिंक ऑक्साईडच्या फिल्म करायच्या होत्या, झिंक क्लोराईड घेतलं, डायसोडियम ईडीटीए, पीईआय, आणि अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून सोल्यूशन गाळणं, केलंच नाही कारण सेलचा मेम्ब्रेन संपला होता आणि नवीन मागवायला पंधरा दिवस लागणार होते. पाच कोट दिले, ५०० डिग्रीला तापवलं, एक्सआरडी, म्हणजे फिल्ममधे कुठले स्फटिक आहेत ते दाखवणारा क्ष-किरणांचा आलेख, काढून आणला आणि दुपारी चहाच्या वेळी जवळजवळ नाचतच आला. साधारणपणे झिंक ऑक्साईडच्या फिल्मला ३४.४ डिग्रीचा पीक मोठा येतो, सी ॲक्सिसचा, म्हणजे स्फटिक काचेवर उभे असल्याचा. ह्याच्याकडे ३१.७ चा पीक आभाळाला भिडलेला आणि ३४.४ चा नावापुरता. "दादा, वेगळं ओरिएंटेशन मिळालंय, नॉन-पोलर!" गाईडना दाखवून झालं होतं, पेपरचं नावसुद्धा ठरलं होतं बहुतेक.

मी विचारलं ४५.४ ला हा कोण उभा आहे? म्हणे इम्प्युरिटी असेल थोडी.

३१.७ आणि ४५.४. ही जोडी ज्याने एकदा पाहिली तो विसरत नाही, हे आपलं रोजच्या जेवणातलं मीठ आहे. सोडियम ईडीटीएतून आलं, क्लोराईड झिंक क्लोराईडमधून, दोघांना बाहेर जायला वाट ठेवली नव्हती, आणि मीठ वितळतंच ८०१ डिग्रीला त्यामुळे ५०० च्या भट्टीत ते आरामात बसून राहिलं. त्यात झिंक ऑक्साईडचाही एक पीक नेमका ३१.८ च्या आसपास येतो, त्यामुळे फसायला जागा तयारच. मी काही बोललो नाही, ती काच डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात मिनिटभर बुडवली, वाळवली, परत एक्सआरडीला लावली. मोठा पीक गायब. फिल्मचं काय झालं ते सेममधे, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधे, बघितलं तर चौकोनी चौकोनी भोकं, जिथे मिठाचे खडे होते तिथे. पोरगं दोन दिवस लॅबमधे आलं नाही.

तर ईडीटीए ॲसिड फॉर्मचाच घ्या, आणि गाळा. म्हणजे फिल्टर पेपरवर गाळणं नाही. १०,००० डाल्टनचा मेम्ब्रेन असलेला सेल किंवा सेंट्रिफ्यूजमधे बसणाऱ्या ट्यूब, त्यातून क्लोराईड, नायट्रेट, सुटे मेटल आयन आणि पीईआयचे बारीक तुकडे खाली जातात, मोठं पॉलिमर मेटल घेऊन वर राहतं. मी तीन वेळा पाणी घालून परत परत काढतो. दोनदा पुरतं असं म्हणणारे आहेत, असोत. नुसतं पीईआयसुद्धा मी मेटल घालायच्या आधी एकदा गाळून घेतो, कारण बाटलीतल्या पॉलिमरमधे छोट्या साखळ्या असतात आणि त्या नंतर आपलं मेटल घेऊन मेम्ब्रेनमधून पळून जातात. गाळल्यानंतर किती मेटल उरलं ते आयसीपी नावाच्या मेटल मोजायच्या मशीनने मोजायचं. "मी ०.२ मोलर बनवलं होतं" हे उत्तर नाही, ते गाळायच्या आधीचं झालं. दोन मेटलचं ऑक्साईड करायचं असेल तर प्रत्येकाचं सोल्यूशन वेगळं बनवा, वेगळं मोजा आणि मग मिसळा, नाहीतर प्रमाण जुळणार नाही आणि तुम्ही फेज शोधत बसाल.

मेम्ब्रेन संपला असेल तर काम थांबवा. खरंच. पंधरा दिवस पेपर वाचा.

सिरिंज

टोल्यूईनसारख्या सॉल्व्हंटमधलं पॉलिमर मेडिकलमधल्या प्लॅस्टिक सिरिंजने टाकू नका. आतल्या रबराला सिलिकॉन ऑईल लावलेलं असतं, टोल्यूईन ते धुऊन काढतं आणि फिल्मवर माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात. मी स्वतः पीएमएमए नावाच्या पॉलिमरच्या लेयरवर तीन आठवडे काच धुण्याची पद्धत बदलत बसलो होतो, मग एक दिवस सिरिंज सापडली नाही म्हणून काचेच्या ड्रॉपरने टाकलं आणि खड्डे गेले. फिल्टरही बघून घ्या, पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) साधा फिल्टर पाण्याच्या सोल्यूशनला जाऊच देत नाही, आणि मग पोरं अंगठ्याने जोर लावतात आणि फिल्टर फटकन सुटून भिंतीवर.

भट्टीची घाई

पीईआय पूर्ण जायला साधारण ४५० ते ५०० डिग्री लागतात. तिथपर्यंत जाताना आधी पाणी जातं, मग पॉलिमर तुटायला लागतं, गॅस निघतो आणि फिल्म आकसते. हे सावकाश झालं तर फिल्म आकसून घट्ट बसते. मिनिटाला १० डिग्रीने पळवलं तर गॅसला वाट मिळत नाही, मग बुडबुडे, टाचणीची भोकं, आणि जाड फिल्म असेल तर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा. मी मिनिटाला १ डिग्री ठेवतो, २५० ला तासभर थांबतो, मग पुढे ४५० ला परत थांबतो. पोरं म्हणतात संध्याकाळी लावलं की सकाळी मिळतं. मग मिळू दे की सकाळी.

पण फिल्म बिघडली तर काच फेकता येते, पावडरचं तसं नाही. आमच्याकडे एकाला निकेल ऑक्साईडची नॅनोपावडर हवी होती. निकेल नायट्रेट, ईडीटीए, पीईआय, गाळणं अर्थातच नाही, कारण "पावडरच तर करायची आहे". हॉट प्लेटवर आटवून गर्द निळी-हिरवी जेल केली, ॲल्युमिना क्रुसिबल पाऊण भरलं, वर झाकण ठेवलं, मफल फर्नेस मिनिटाला १० डिग्री, ६०० वर सेट केली आणि हा मेसला जेवायला गेला. नायट्रेट म्हणजे ऑक्सिजन पुरवणारं, पॉलिमर म्हणजे इंधन, दोन्ही एकत्र वाळवून तापवलं तर दोन-तीनशे डिग्रीच्या आसपास ते आपलं आपण पेट घेतं. काहीजण मुद्दाम तसं करतात, त्याला कम्बशन सिंथेसिस म्हणतात, पण ते मोजूनमापून करतात.

मी सकाळी भट्टी उघडली तर दूध उतू गेल्यावर गॅसच्या शेगडीची जी अवस्था होते तीच, फक्त काळी. फेस झाकण ढकलून बाहेर आला होता, फरशीवर पसरला होता, कॉइलच्या खाचेत घुसला होता, आणि हात लागला की काजळीसारखा उडत होता. निकेल ऑक्साईडची धूळ नाकात जाणं चांगलं नाही, कॅन्सरचा धोका आहे, त्यामुळे मास्क घालून ओल्या फडक्याने टिपत बसलो, अर्धा दिवस गेला. मजा पुढे आहे. वाचलेली पावडर ह्याने बाटलीत भरली आणि टेबलावर ठेवली, शेजारी स्टररचा मॅग्नेट पडलेला, तर पावडर बाटलीच्या आतून सरकून काचेला चिकटली. निकेल ऑक्साईड मॅग्नेटला चिकटत नाही. आतमधे इंधन जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे बरंच निकेल सरळ धातू होऊन बसलं होतं. बाकी जे ऑक्साईड होतं त्याचे पीक सुईसारखे बारीक, म्हणजे कण मोठे झालेले, कारण पेट घेतला तेव्हा आतलं तापमान भट्टीच्या आकड्याला विचारत नाही. नॅनो कुठलं, नुसती राख.

तेव्हापासून माझा नियम, क्रुसिबल पाव भागाच्या वर भरायचं नाही, नायट्रेट आधी गाळून काढायचं, आणि पहिली वेळ असेल तर चिमूटभर घेऊन करायचं आणि ३०० डिग्री पार होईपर्यंत माणूस जागेवर हवा. झाकण घट्ट बसवू नका.

बाकी सटरफटर

जाडी आरपीएमच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते. १५०० चे ३००० केलेत तर फिल्म अर्धी होत नाही, साधारण ०.७ पट होते. अर्धी हवी तर चौपट आरपीएम. त्यापेक्षा सोल्यूशन पातळ करा.

पीव्हीपी हे पॉलिमर वापरत असाल तर बाटलीवरचा आकडा वाचा. के-३० म्हणजे मॉलिक्युलर वेट साधारण ४०,०००, के-९० त्याच्या कितीतरी पट. दोन्ही पांढरी पावडर, दोन्हीवर मोठ्या अक्षरात पीव्हीपीच लिहिलेलं असतं, आणि के-९० तेवढंच वजन घेतलं की काकवी होते.

धूमकेतूसारखी शेपटी दिसली म्हणजे मधे कण आहे, सोल्यूशन गाळा आणि काच परत धुवा. ॲसिटोननंतर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरा, ॲसिटोन पटकन उडतं आणि मळ तिथेच सोडून जातं. धुतलेल्या काचेवर पाणी सोडून बघा, अखंड पडदा राहिला तर काच स्वच्छ, थेंब थेंब झाले तर परत जा. काच साफ करायला प्लाझ्मा किंवा यूव्ही ओझोन केलं असेल तर त्याच तासात कोट करा, दुसऱ्या दिवशी वापरून "प्लाझ्मा करून पण होत नाही" म्हणू नका.

पावसाळ्यात क्लोरोफॉर्म किंवा टीएचएफमधलं पॉलिमर फिरवलंत तर फिल्म दुधाळ होते, सॉल्व्हंट उडताना काच गार पडते आणि हवेतलं पाणी तिच्यावर बसतं. साधा स्वस्तातला आर्द्रता मीटर स्पिन कोटरशेजारी ठेवा. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साईडची बाटलीही पावसाळ्यात उघडी ठेवून फोनवर बोलत बसू नका, ते हवेतल्या ओलाव्याने बिघडतं.

साधी मायक्रोस्कोपची स्लाईड ६०० डिग्रीला टाकली तर ती वाकते, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून काचेतलं सोडियम फिल्ममधे यायला लागतं. जास्त तापमान हवं तर क्वार्ट्झ नाहीतर सिलिकॉन घ्या, गाईडकडे पैसे मागायची लाज वाटत असेल तर माझं नाव सांगा.

आणि काचेच्या मागच्या बाजूला डायमंड पेनने खूण करा, कोट द्यायच्या आधी. पन्नास नॅनोमीटरची पारदर्शक फिल्म कुठल्या बाजूला आहे हे डोळ्याला कळत नाही. मी डाव्या कोपऱ्यात छोटा बाण काढतो. एफटीओ (वीज वाहणारा थर दिलेली काच) असेल तर मल्टिमीटर लावून बाजू बघता येते, पण साध्या काचेवर काही उपाय नाही. एकाने पाच कोट दिल्यावर जाडी मोजायला घेतली, हिशोबाने यायला हवी त्याच्या निम्म्याहून जरा जास्त आली, दोन दिवस आकडेमोड केली, आणि मग कळलं की तीन कोट एका बाजूला होते आणि दोन दुसऱ्या.