बजेट गेमिंग पीसी: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या खर्चात या चुका टाळा

माझा भाचा दुकानातून कोटेशन घेऊन आला. पहिल्याच ओळीत कोअर आय७-१२७००एफ प्रोसेसर, आणि चार ओळी खाली ४ जीबी मेमरीचं आरएक्स ६५०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड. घरात सगळे खूश, कारण ‘आय-सेव्हन’ मिळत होता. मी त्याला तोच कागद घेऊन परत पाठवलं. प्रोसेसर आय५-१२४००एफ केला, वाचलेल्या पैशात थोडी भर घातली आणि ८ जीबीचं आरएक्स ६६०० बसलं.

नावाला भुलून प्रोसेसरवर पैसे ओतणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. १०८०पी (१९२०×१०८०) मॉनिटरवर खेळणाऱ्याला सहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) पुरतात. १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० घ्या आणि पुढे चला. मॉनिटर सोडून एकूण खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग कार्डाला आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास प्रोसेसरला, हा माझा हिशोब. पण आधी मुलगा काय खेळतो ते विचारा. दिवसभर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ असेल तर प्रोसेसरकडे थोडं झुकतं माप द्या. सायबरपंक २०७७ सारख्या गेमला कार्डच लागतं.

४ जीबीच्या कार्डाबद्दल मी इतका आग्रही का, तेही सांगतो. आजच्या बऱ्याच गेमचे टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) ४ जीबीत मावत नाहीत. मग कार्ड ते रॅममधून सारखे ओढून आणतं आणि गेम अडखळतो. ६५०० एक्सटीला तर ही ने-आण करायला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) फक्त चार लेन आहेत. जुन्या, पीसीआयई ३.० बोर्डावर लावलं की तो रस्ताही निम्मा होतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, बोर्ड जुना, त्यालाच हे कार्ड सगळ्यात जास्त त्रास देतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

उलटी चूकही होते. सेकंडहँड बाजारात २०१२ सालचा आय७-३७७० स्वस्तात मिळतो आणि लोक त्यावर नवं कार्ड चढवतात. आय-सेव्हन असला तरी पिढी तिसरी. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालतही नाही. इंटेलचं आर्क कार्ड अशा मशीनवर अजिबात घेऊ नका. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो नसेल तर कार्ड बरंच मंदावतं.

पीसी घेऊन झालाय आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मिळत नाही? आधी कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलीय का? प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असतील तर चित्र व्यवस्थित दिसतं, गेम मात्र रांगतो आणि कार्ड नुसतं बसून राहतं. मग रॅम बघा. १६ जीबीची एकच स्टिक असेल तर शक्यतो ८-८ च्या दोन करा, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू आहे का तेही तपासा.

एवढं करूनही फरक नसेल तर व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करा, एमएसआय आफ्टरबर्नर (कार्ड आणि प्रोसेसरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा आणि खेळताना कोपऱ्यातले आकडे वाचा. कार्ड ९५-९९ टक्के चाललंय म्हणजे कार्डाचीच कमाल गाठली, प्रोसेसर बदलून उपयोग नाही. कार्ड ५५-६० वर रेंगाळतंय आणि एखादा कोअर शंभरला टेकलाय तर प्रोसेसर अडतोय. टास्क मॅनेजरमधला सरासरी ४० टक्क्यांचा आकडा इथे फसवतो, प्रत्येक कोअर वेगळा बघा. खात्री हवी तर रेझोल्यूशन ७२०पी करा: एफपीएस तिथेच अडून राहिला तर दोष बहुधा प्रोसेसरकडे.

जुना रायझन ५ १६०० किंवा २६०० असेल तर सगळं मशीन विकायची घाई करू नका. मदरबोर्डच्या सपोर्ट यादीत ५६०० आहे का बघा. असेल तर आधी बायोस अपडेट करा, मगच प्रोसेसर बदला. बोर्ड आणि रॅम आहे तीच चालते.