बॉल पायथनच्या भुकेवर जाऊ नका

बॉल पायथन म्हणजे घरी पाळला जाणारा एक अजगर. त्याच्या काचेच्या टाकीचं दार सरकलं की तो मान उचलणारच. ती भूकच असेल असं नाही. पूर्ण वाढलेल्याला दोन ते चार आठवड्यांतून एक उंदीर पुरतो, तोही त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून जाड नको. वेटोळं घातल्यावर कातडीला वळ्या पडतात का, एरवीही खवल्यांमधली कातडी ताणलेली दिसते का, ते बघा. तसं दिसलं तर तो लठ्ठ झालाय, पण एकदम उपाशी ठेवू नका. उंदीर लहान निवडा, दोन खाण्यांमधलं अंतर वाढवा आणि महिन्यातून एकदा सापाला डब्यात ठेवून काट्यावर वजन करा. (काटा स्वयंपाकघरातला नको, घरात भांडणं होतात.) मधेच महिनाभर त्याने तोंड फिरवलं, पण वजन टिकून असेल, तर घाबरू नका, या जातीची ती खोडच आहे.