शब्द येतो, क्रियापद अडतं

इचलकरंजीत मी संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवते. बहुतेक मुली कॉलेज आणि काम दोन्ही सांभाळून येतात. एक-दोघी तर यंत्रमागाच्या कांड्या भरून थेट वर्गात. जॉब, एक्झाम, सॅलरी, डिसिजन हे शब्द त्यांना शिकवावेच लागत नाहीत, ते घरातलेच झालेत. अडतं ते पुढच्या क्रियापदापाशी. म्हणून वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, क्रियापदासकट जोडी लिहायची.

परीक्षेपासून सुरुवात करा. आपल्याकडे परीक्षा मास्तर घेतात आणि पोरं देतात. इंग्रजीत नेमकं उलटं: टीचर 'गिव्ह' करतो, विद्यार्थी 'टेक' करतो. 'आय गेव्ह माय एक्झाम' आपल्या देशात खपून जातं, बाहेरच्याला मात्र तुम्हीच मास्तर वाटाल. कॉलेज संपलं की 'आय पास्ड आउट' नको. बाहेर त्याचा अर्थ शुद्ध हरपली असा होतो. 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२३' म्हणा. एटीकेटी परदेशी माणसाला कळणार नाही, तिथे 'आय स्टिल हॅव वन एक्झाम टू पास'.

कामाचे शब्द पुस्तकातून घेऊ नका. रात्री झोपण्याआधी, दिवसभरात खरंच बोललेली तीन मराठी वाक्यं आठवा आणि मोठ्यानं इंग्रजीत म्हणा. पगार झाला: 'आय गॉट पेड'. रात्रपाळी आहे: 'आय अॅम ऑन नाइट शिफ्ट'. खाडा पडला: 'आय मिस्ड अ डे ऑफ वर्क'. शब्दाला शब्द लावत बसलात तर खाड्यापाशीच रात्र जाईल.

खरी गंमत निर्णयांची. 'टेक अ डिसिजन' ब्रिटिश इंग्रजीत चालतं, 'मेक' सगळीकडे चालतं, म्हणून मी 'मेक'च शिकवते. पण आपण मराठीत निर्णय घेतो तरी कुठे? आपलं 'ठरतं'. 'पुण्याला जायचं ठरलं', कुणी ठरवलं ते गुलदस्त्यात. इंग्रजीत बहुतेकदा कर्ता पुढे आणावा लागतो: 'आय डिसाइडेड' की 'माय फादर डिसाइडेड'? हे विचारलं की वर्ग गप्प होतो. मग 'बघू'. त्याचे निदान तीन अर्थ आहेत, तिन्ही वेगळे लिहून काढा. विचार करते: 'लेट मी थिंक अबाउट इट'. घरी विचारून सांगते: 'आय विल आस्क अॅट होम अँड लेट यू नो'. आणि सरळ नकार: 'आय वुड रादर नॉट'. हा तिसरा जोडीनं बसून दहा वेळा म्हणायला लावते, कारण तो मराठीतही तोंडातून निघत नाही.

परवा एकीला विचारलं, रविवारी जादा तास घेते, येशील? तिनं नेहमीसारखं 'बघू' म्हणायला तोंड उघडलं, थांबली, आणि म्हणाली, 'आय वुड रादर नॉट, मॅडम.' जादा तास रद्द झाला.