कांद्याचं रोप टाकताय? मायकोरायझा आत्ताच द्या, पण ड्रममध्ये भिजवून नको

उन्हाळ कांद्याचं बी टाकायची वेळ आलीय. मायकोरायझा, म्हणजे मुळांत राहून पिकाला अन्न आणून देणारी बुरशी, तिची पावडर द्यायची असेल तर आत्ता गादीवाफ्यावरच द्या, लागवडीनंतर ड्रीपमधून सोडण्यापेक्षा इथे माल कमी लागतो आणि रोप शेतात जाताना ही बुरशी मुळांत घेऊनच जातं. रेघ ओढली की आधी पावडर, वर चिमूटभर माती, मग बी. बियाला थायरम (बुरशीनाशक) चोळलेलं असेल तर पावडर बियाला लावू नका, खाली रेघेतच राहू द्या.

कांद्यालाच एवढं का सांगतोय, तर एक रोप उपटून मुळं धुवून बघा. दोऱ्यासारखी सरळ मुळं, फाटे कमी, केसमुळं जवळपास नाहीतच. आणि स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत चालत येत नाही, मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा संपला की मूळ तिथंच उपाशी, रानात कितीही खत पडलेलं असो. बुरशीचे तंतू त्याच्या पुढे काही सेंटीमीटर जातात, स्फुरद आणि जस्त ओढून आणतात, बदल्यात पिकाने पानात बनवलेली साखर खातात.

पण आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद कॅल्शियमला धरून बसलेला असतो, तो सोडवणं या बुरशीला एकटीला फारसं जमत नाही, ते पीएसबीचं, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं काम. हे जिवाणू तंतूंच्या अंगावरच राहतात, तिथं पाझरणाऱ्या साखरेवर जगतात, आम्ल सोडून स्फुरद मोकळा करतात आणि तंतू तो उचलतो. म्हणून पीएसबी सोबत द्याच, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून.

आता ड्रममध्ये भिजवून ती वाढवायच्या रीतीचं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी), पीएसबी गुळाच्या पाण्यात वाढतात, मायकोरायझा नाही वाढत, तिला जिवंत मूळच लागतं! गूळ-बेसन घालून आठ दिवस ठेवलं तर दुसरेच जंतू वाढतात आणि पुडीचे पैसे पाण्यात. बघून वाईट वाटतं हो, माल काही स्वस्त नाही. वाढवायचीच असेल तर कुंडीत माती-वाळू आणि पावडर घालून वर मका किंवा ज्वारी लावा, दोन-तीन महिन्यांनी मुळं बारीक कापून मातीसकट वापरा.

डीएपी खताच्या 50 किलोच्या बॅगेत 23 किलो स्फुरद येतो, आणि रोपाला तो आयता मिळाला की ते बुरशीला साखर द्यायला हात आखडता घेतं. माती परीक्षणात स्फुरद भरपूर आला असेल तर डीएपी कमी करा, नाहीतर दोन्हीचा खर्च वाया.

लागवडीच्या वेळी रोपं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बुडवायची सवय आहे, त्याने ही बुरशीही दबते. रानात मर, मूळकूज खरंच येत असेल तर बुडवा, रोग आधी. येत नसेल तर फक्त रीत म्हणून बुडवू नका.

कोबी, फ्लॉवर, पालक, बीट ही पिकं या बुरशीला थाराच देत नाहीत, त्यांच्या मागे कांदा घेताय तर पावडरीचा फायदा जास्त. मका, सोयाबीनच्या रानात ती आधीच असते, तिथं रोटाव्हेटर कमी फिरवा, जाळं तुटतं.

आणि मुळावर पांढरं शोधत बसू नका, ही बुरशी नुसत्या डोळ्याला दिसत नाही, शेणखतात दिसतं ते जाळं दुसऱ्याच बुरशीचं. त्यापेक्षा वाफ्यात चार ओळी पावडरीविना सोडा आणि लागवडीआधी दोन्हीकडची दहा-दहा रोपं उपटून शेजारी ठेवून बघा.