आनुवंशिक अँजिओएडिमावरील नव्या इंजेक्शनच्या चाचणीत सहभागी होताना

आनुवंशिक अँजिओएडिमा हा त्वचा, पोट किंवा घशात वारंवार सुजेचे झटके आणणारा विकार साधारणपणे 50,000 लोकांत एखाद्याला होतो. त्यामुळे त्यावरील औषधांच्या चाचण्यांत रुग्ण थोडेच असतात आणि प्रत्येकाच्या नोंदीला वजन येते. उदाहरणार्थ, लॅनाडेलुमॅब या झटके टाळण्यासाठी त्वचेखाली द्यायच्या इंजेक्शनची मुख्य चाचणी अवघ्या 125 जणांवर झाली. त्यांपैकी 41 जणांना औषधाविना इंजेक्शन, म्हणजे प्लासिबो, मिळाले.

चाचणीत नाव देण्यापूर्वी निदान पक्के करून घ्यावे. त्यासाठी रक्तातील सी4, तसेच सी1 इनहिबिटर या प्रथिनांची तपासणी करतात; सी1 इनहिबिटरचे प्रमाण आणि कार्य दोन्ही पाहतात. रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर गटातील गोळ्या किंवा इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक चालू असल्यास ते आधीच सांगावे, कारण दोन्हींमुळे सुजेचे झटके वाढू शकतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे झटक्यांची वही. इंजेक्शन सुरू होण्यापूर्वी काही आठवडे केवळ निरीक्षणाचे असतात. वरील चाचणीत त्या काळात चार आठवड्यांत किमान एक झटका येणाऱ्यांनाच पुढे घेतले होते. सूज कधी सुरू झाली, कोठे आली, किती तास टिकली आणि कोणते औषध घ्यावे लागले, हे त्याच दिवशी लिहावे. पोटातील सूज बाहेरून दिसत नाही, म्हणून ती ‘अपचन’ समजून गाळली जाते. ती मात्र अवश्य नोंदवावी. या चाचणीत प्लासिबो घेणाऱ्यांना महिन्याला सरासरी 1.97 झटके आले, तर दर दोन आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम घेणाऱ्यांना 0.26. हा फरक अशाच नोंदींतून दिसला.

आपल्याला प्लासिबो मिळत असण्याची शक्यता गृहीत धरूनच तातडीची तयारी ठेवावी. ही सूज ॲलर्जीत स्रवणाऱ्या हिस्टामिनमुळे नव्हे, तर ब्रॅडिकायनिन या शरीरातील वेगळ्या रसायनामुळे येत असल्याने ॲलर्जीच्या गोळ्या, स्टिरॉइड किंवा ॲड्रेनॅलिन यांवर विसंबू नये. इकॅटिबंटसारखे झटक्यावरचे औषध घरी असेल का, ते कोण पुरवणार आणि संपल्यास किती वेळात मिळेल, हे लेखी विचारावे. घशात सूज आल्यास वही बाजूला ठेवून, औषध घेऊन, थेट रुग्णालय गाठावे.

भारतात चाचणी असल्यास क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामधील तिची नोंद पाहावी आणि औषध-चाचण्यांसाठीच्या 2019च्या नियमांनुसार इजा झाल्यास उपचार व भरपाई कशी मिळेल, ते संमतिपत्रात वाचावे. इंजेक्शन लागू पडले, तर चाचणी संपल्यावर ते मिळत राहील का, हा प्रश्न सही करण्यापूर्वीच विचारावा. नंतर विचारण्यात फारसा अर्थ राहत नाही.